एका डब्यातली दोन बिऱ्हाडं

मूलहून पोंभुर्ण्याला येणाऱ्या एसटीत परवा खिडकीतून धानाचा वास आत आला आणि माझी बोटं आपसूक मांडीवर नाचायला लागली. धान निसवलं की त्याला कच्च्या दुधासारखा एक वास येतो, ओलसर, अर्धवट गोड. तो नाकात गेला की माझी मान आखडते, खांद्यात गोळा येतो आणि कानात कुठूनतरी 'टूं टूं' वाजायला लागतं. शेजारी बसलेली म्हातारी बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "काय मोजून राह्यली वो बाई?"

"मोजून नाई राह्यली, टाइप करून राह्यली," मी म्हटलं.

तिने आपली पिशवी उचलली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. शहाणी होती.

पोळा सरल्यापासून दसऱ्यापर्यंतच्या या दिवसांना धड नाव नाही. पावसाळा म्हणावा तर ऊन पाठीत काठी घातल्यासारखं लागतं, उन्हाळा म्हणावा तर चार वाजता ढग दाटून येतात. रोवणी होऊन गेलेली असते, कापणी लांब असते. बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, आणि तलाव तुडुंब. कपडे वाळत नाहीत, डास हटत नाहीत, आणि माणसं पारावर बसून नुसता घाम पुसतात. सगळा गाव रिकामा असतो म्हणा ना.

आमचं घर मात्र या दिवसांत परीक्षेला बसलेलं असायचं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या या धानाच्या मुलखात, धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मांडव पडतात, वडशाहून नाटक कंपन्या निघतात, आणि अख्खा गाव पाहुण्यारावळ्यांसकट जमिनीवर बसून नाटक बघतो. ही नाटकं ज्यांना लिहून द्यायची असतात त्यांनी ती या बिननावाच्या दिवसांतच लिहायची. दसऱ्याला नारळ फुटतो, तालमी लागतात. त्यानंतर कितीही चांगलं नाटक घेऊन गेलात तरी बैल गेला आणि झोपा केला.

माझे बाबा मुळात लेखक नव्हते. ते प्रॉम्टर होते. पावसाळ्यात तलावावर मासे धरायचे आणि हिवाळ्यात विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवायचे. आमच्याकडे तालमी थोड्या आणि प्रयोग फार, त्यामुळे प्रॉम्टरशिवाय पान हलत नाही. नायक छातीवर हात ठेवून उभा असतो आणि त्याचं वाक्य विंगेतून त्याच्या कानात येतं. त्यासाठी एक वेगळा आवाज लागतो. नटाला नीट ऐकू यावा आणि पब्लिकला कळता कामा नये असा. बाबांना तो होता. घरी पाहुण्यांशी बोलताना आई जरा अडखळली की बाबा शेजारून हळूच शब्द पुरवायचे, आणि आई सगळ्यांसमोर उसळायची, "मले येते बोलता!"

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी, मग जाळ्याची गाठ, मग हातातली नाटकाची पानं. पानं हलली की ओळ हरवते, आणि ओळ हरवली की तिकडे नायक तोंड उघडं टाकून उभा. कंपनीचे मालक भला माणूस. त्यांनी बाबांना काढलं नाही, म्हणाले, "भाऊ, तुमी आता लिवा. इतकी नाटकं पोटात हायेत तुमच्या, एखादं बाहेर काढा." पण थरथरत्या हातांनी लिहिणार कसं? बाबा बोलायचे आणि मी टाइप करायचे. त्यांचे हात म्हणजे मी, असं सरळ होतं ते.

कॉम्प्युटर बल्लारपूरच्या रफीकभाईंनी जोडून दिला होता. त्यांचं स्टेशनजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि नव्या जमान्यात तेच कॉम्प्युटरचंही दुकान. मराठी टाइप करायचा जो प्रोग्राम आमच्याकडे होता तो जुन्या विंडोजवरच चालायचा. नव्यावर टाकला की म्हशीसारखा हटून बसायचा. आणि मी चंद्रपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, तिथलं सगळं नव्या विंडोजवर. जुनं काढलं तर बाबांचं नाटक बंद, नवं टाकलं नाही तर माझा अभ्यास बंद. रफीकभाईंनी थोडा विचार केला आणि दोन्ही टाकून दिले.

"एकच घर, दोन किरायेदार," ते म्हणाले. "चालू करते टाइम पूछेगा, किसके घर जाना है. बता देने का."

"दोन घरचा पाहुणा उपाशी," आई चहा देता देता म्हणाली.

"एका म्यानात दोन तलवारी!" बाबा गरजले. त्यांना कुठल्याही गोष्टीवर गरजायला आवडायचं.

पण तलवारी राहिल्या. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी यायच्या, जुना आणि नवा, आणि खाली आकडे उलटे पळायचे. तेवढ्यात निवड केली नाही तर मशीन आपल्या मनाने नव्याकडे जायचं. बाबा त्या आकड्यांना तिसरी घंटा म्हणायचे. "घाई कर वो, घंटा होऊन राह्यली!" मी बाणाचं बटण दाबून जुन्यात शिरायचे. रोज तीच धावपळ. कधी आईने हाक मारली, कधी ओढणी खुर्चीत अडकली, की चुकून नव्यात जायचं आणि पुन्हा सगळं बंद करून सुरू करायचं.

गंमत अशी होती की नव्यात बसलं की जुन्याच्या सगळ्या खोल्या दिसायच्या, पण जुन्यात बसून नव्याची खोली दिसायची नाही. तिथे असं काही घर आहे याचा त्याला पत्ताच नसायचा. हे मी एकदा आईला फार शहाणपणाने समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग त बराबरच हाये. पोट्ट्यायले मायबापाचं सारं दिसते. मायबापाले पोट्ट्यायच्या मनातलं काय दिसते?"

त्याच वर्षी माझा कोर्स संपत आला आणि मला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मला जायचं होतं. हे आडपडदा न ठेवता सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे. फार जायचं होतं. चंद्रपूरहून परतताना एसटीत बसल्याबसल्या मी पुण्यातल्या न पाहिलेल्या खोलीत माझी खाट कुठे लावायची ते ठरवायचे, आणि पोंभुर्ण्याचा फाटा आला की ती खाट पुन्हा उचलून ठेवायचे.

आई म्हणाली, "जाय ना माय. शिकली कायले मंग? पण याच्या हातायचं काय करू, थेही सांगून जाय."

बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ज्या माणसाला दुनियेची वाक्यं तोंडपाठ, त्याला यावर एक वाक्य सुचू नये! गमछ्याने तोंड पुसत म्हणाले, "पहिले नाटक होऊ दे."

आणि नाटक तरी कशाचं? गंगा नावाच्या लेकीचं. गंगेला शहरातून नर्सच्या कामाचं बोलावणं येतं. घरी आई नाही, बाप आजारी. दोन अंक ती जाऊ की नको जाऊ करते. तिसऱ्या अंकाच्या शेवटी बसस्टँडवर उभी राहते, बस येते, आणि मागून बापाचा खोकला ऐकू येतो. गंगा पिशवी फेकून देते, "बाबा!" म्हणून धावत येते, पायाशी कोसळते. पडदा.

हा प्रवेश बाबांनी मला सांगितला तेव्हा मी मान वर केली नाही. ते रंगात आले होते. खोकलासुद्धा स्वतः खोकून दाखवला. मी टाइप करत राहिले आणि मनात म्हटलं, झालं, मिळालं उत्तर. एवढ्या लोकांसमोर मांडवात वाजवून सांगायचं, पण घरात बसून सरळ तोंडावर सांगायचं नाही! पुढे काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. एकदा वरणात मीठ जास्त पडलं. मुद्दाम टाकलं नव्हतं, पण वाईटही वाटलं नाही.

मालक मोटरसायकलवर आले, ओसरीत बसून गोष्ट ऐकली, आणि त्या शेवटापाशी त्यांनी खरोखर डोळे पुसले. "बस, भाऊ, बस! पोट्टी परत आली का मांडव रडलाच समजा. या शेवटावर मी होळीपर्यंत नाटक चालवतो. फक्त दसऱ्याच्या आत कागद हातात द्या. नाई त मले दुसरं उभं करा लागन."

कागद द्यायला नाटक पुरं होतंच. फक्त दुसऱ्या अंकात एक विनोदी प्रवेश घालायचा होता, कारण आमच्याकडे दोन रडण्यांच्या मध्ये एक हसणं लागतंच लागतं. न्हावी आणि कोतवालाचं भांडण. दुपारची वेळ होती, अंगाला कापड चिकटत होतं. बाबा डोळे मिटून बोलत होते आणि लाइट गेली. लोडशेडिंगला तेव्हा काही धरबंध राहिला नव्हता; सकाळी गेली तरी दुपारी जाणार नाही असा काही नेम नाही. पंखा थांबला. टेबलाखालचा यूपीएस टूं टूं करायला लागला. मशीन नीट बंद करण्यापुरता त्याच्यात जीव असायचा, त्याहून जास्त नाही.

"बाबा, बंद करते."

"काऊन? प्रवेश अर्ध्यात सोडत असतेत काय?"

"बॅटरी चालली बाबा."

"स्टेजवर लाइट गेली त आमी कंदील धरून प्रयोग पुरा केला हाये. पुरा होऊ दे. दोन वाक्यं त राह्यली."

"बाबा, हे स्टेज नाई!"

"टाइप कर म्हणतो!"

मी टाइप करत गेले. टूं टूं जवळजवळ यायला लागलं. न्हावी कोतवालाची अर्धी मिशी उतरवतो, तिथे बाबा स्वतःच हसायला थांबले. मला हसू येत नव्हतं, रडू येत होतं. न्हाव्याचं शेवटचं वाक्य सुरू झालं आणि यूपीएसने एक लांब सूर लावून जीव सोडला. पडदा काळा. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की चुलीवरची भाजी शिजताना ऐकू यायला लागली.

लाइट आली तेव्हा दोन ओळींचा तो काळा पडदा आला, आकडे पळाले, मी जुना निवडला. जुना उघडला नाही. काळ्यावर पांढऱ्या दोन इंग्रजी वाक्यांत त्याने सांगितलं की मला काही सापडत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. नवा मात्र थाटात सुरू झाला, आपल्या शेजाऱ्याला काही झालंय याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. नव्यातून मी जुन्याच्या खोलीत गेले. नाटकाची फाइल तिथे होती. उघडली तर आत नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, टोप्या, चौकोन. जुन्या प्रोग्रामची अक्षरं नव्याला वाचता येत नाहीत हे मला माहीत होतं. पण त्या गिचमिडीमागे नाटक शाबूत आहे की त्याची राख झाली, हे कळायला मार्ग नव्हता. एक प्रत फ्लॉपीवर होती. ती फ्लॉपी आधी नुसती खरखर करायची, आता तेवढंही करेना.

रफीकभाईंना फोन लावला तर ते सामान आणायला हैदराबादला गेलेले. "आ के देखता ना," ते म्हणाले, "तब तक जुन्याले हात नको लावू, बेटा. जो है वो बी जाएगा."

आई देवापुढे दिवा लावून आली आणि अगदी मायेने म्हणाली, "देवाच्याच मनात नसन, तू जावं म्हून." मला असा राग आला! देवाचा, यूपीएसचा, त्या न्हाव्याचा, आणि सगळ्यात जास्त बाबांच्या त्या राहिलेल्या दोन वाक्यांचा. नाटक पुरं केल्याशिवाय घर सोडायचं नाही, हे मी स्वतःच स्वतःला बजावून ठेवलं होतं. आता नाटकच नव्हतं. मी परसात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

आत आले तर बाबा खुर्ची ओढून मशीनसमोर बसलेले. चेहरा पडलेला होता, पण पाठ ताठ. म्हणाले, "कंपूटर गेला त गेला. प्रॉम्टर जित्ता हाये ना अजून? लाव थो नवा."

नव्यात मराठी होतं, पण त्याच्या कळा वेगळ्या. जुन्यात जिथे 'क' होता तिथे भलतंच अक्षर. माझी बोटं सवयीने जुन्या जागी जायची आणि पडद्यावर काहीतरी अचकटविचकट उमटायचं. सकाळी कॉलेजची बस सोडून बसायचे, लाइट गेली की थांबायचे. हो, आता पहिल्या टूंलाच बाबा म्हणायचे, "बंद कर, बंद कर." खुर्चीचा वेत मांडीत रुतायचा. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या बांधीत धान निसवत होतं आणि तो दुधाळ वास खोलीत भरून राहायचा. आज माझं काम आपोआप जतन होत असतं, मला विचारतही नाही कुणी. तरी दर चार ओळींनी माझा डावा हात कळा दाबतो. ही त्या दिवसांची देणगी.

आणि बाबा! मला भीती होती की त्यांना आठवणार नाही. त्यांना सगळं आठवत होतं. पहिला अंक शब्दाला शब्द. जिथे पहिल्या वेळी मी शिंकले होते तिथे ते क्षणभर थांबायचेसुद्धा. दुसरा अंकही तसाच, न्हाव्यासकट. मी ऐकत होते आणि होईल तितकं हळू टाइप करत होते. कारण पुढे तिसरा अंक होता, बसस्टँड होतं, तो खोकला होता. एकदा ऐकून घेतलं होतं. आता पुन्हा तेच, आपल्याच हाताने, नव्या कळांवर एकेक अक्षर शोधत लिहायचं होतं. गंगे, तू परत ये. पायाशी पड. मला वाटायचं, तिसऱ्या अंकाच्या आत माझीच बोटं मोडावीत.

दुसरा अंक संपला त्याच दुपारी रफीकभाई आले. दुसऱ्या दिवशी मालक येणार होते. रमजान सुरू होता. आईने सवयीने पाण्याचा गडवा पुढे केला आणि जीभ चावली. "रोजा है काकी, राहू द्या," ते हसून म्हणाले आणि घामाने निथळत मशीनपुढे बसले. एक सीडी घातली, काढली, दुसरी घातली. आम्ही तिघं त्यांच्या मागे, दवाखान्यात उभं राहतात तसे. तासाभराने जुना उघडला. त्याचं ते जुनं निळं तोंड दिसलं तेव्हा आईने पडद्याला हात जोडले. रफीकभाईंनी फाइल उघडली, खाली खाली नेत गेले, आणि शेवटच्या पानावर थांबले. "पूरा का पूरा है, भाऊ. एक पान बी नाही गेलं." आणि खरंच, तिथे गंगा बापाच्या पायाशी पडलेली होती.

आईने साखर वाटली. रफीकभाईंची साखर पुडीत बांधून दिली. मला आनंद व्हायला हवा होता. नाटक मिळालं, मालक उद्या येऊन नेणार, मला जायला आता कुणाची आडकाठी नव्हती. पण मी कशी जाणार होते? गावोगावचे मांडव होळीपर्यंत त्या परत आलेल्या लेकीसाठी रडणार, आणि मी पुण्यात बसून काय ऐकणार? ऐकणार तो खोकलाच. मी ठरवूनच टाकलं की पुण्याला 'येत नाही' असं कळवायचं. बाबांनी तोंडाने 'जा' म्हटलं नव्हतं. तेच तर अडत होतं.

रफीकभाई गेले. मी मशीन बंद करायला हात पुढे केला.

"नवा लाव," बाबा म्हणाले.

"आता कायले? सारं भेटलं ना."

"तिसरा अंक राह्यला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. आई दारात येऊन उभी राहिली. मी नवा लावला.

ते बोलत गेले. अंक तोच होता, वाक्यं तीच होती, बसस्टँडपर्यंत. मग म्हणाले, "लिव. बस येते. गंगा मांगं पाह्यते. बाप पब्लिककडे पाठ करून उभा हाये."

आमच्याकडे नट पब्लिकला कधी पाठ दाखवत नाही. मी थांबले.

"लिव. त्याले खोकला येते. थो तोंडात गमछा कोंबते. खोकत नाई."

मी लिहिलं.

"बाप म्हणते, बस आली, गंगा. चढ."

"बाबा, पहिल्यात थे परत येते," मी म्हटलं.

"मले याद हाये."

"मालकाले तोच शेवट पाह्यजे. थे म्हणतीन, पब्लिक रडन नाई."

"मालकाले मी पाहून घेतो. पहिलं चुकलं होतं." मग त्यांनी गंगेचं शेवटचं वाक्य सांगितलं, पडदा सांगितला, आणि दर प्रवेशानंतर म्हणायचे तसे म्हणाले, "वाचून दाखव."

मी वाचायला लागले. बस येते. गंगा मागं पाहते. बाप पाठ करून उभा. बस आली, गंगा, चढ. इथवर आले आणि पुढची ओळ माझ्या तोंडातून बाहेर पडेना. ती समोर पडद्यावर होती, माझ्याच हाताने लिहिलेली, तीन शब्दांची.

तेव्हा शेजारून, पब्लिकला कळणार नाही अशा त्या आवाजात, बाबांनी मला वाक्य पुरवलं.

"जाते मी, बाबा."

"जाते मी, बाबा," मी म्हटलं.